उंबऱ्यावरचा भुगा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण ते दार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ही माझ्या थोरल्या मावशीची हकिकत. आणि रात्रीची नाही, भर दुपारची.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कुलूपवाले. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान. स्वतः घडवलेल्या प्रत्येक कुलपाच्या पाठीवर ते कानशीने घासून तीन रेघा ओढायचे. मावशी थट्टेने म्हणायची, माझ्यापेक्षा यांची माया कुलपांवर जास्त.

थट्टा खरी निघाली.

काका गेले आणि मृत्युपत्र उघडलं. घर धाकट्या दिराला. मावशीचं त्यात नावसुद्धा नव्हतं. आयुष्यभर ज्याचं केलं, त्यानेच केसाने गळा कापला होता.

वकीलबाईंनी धीर दिला. मृत्युपत्रात काहीही असो, कायदा बायकोला वाऱ्यावर सोडत नाही. खटला उभा राहिला आणि मावशी जिंकली. जिवंत असेपर्यंत त्याच घरात राहायचा हक्क तिला मिळाला. घर सोडलं, तर मात्र हक्कही गेला.

निकालाच्या दुपारी ती कोर्टातून घरी आली. दाराला किल्ली लावली...

फिरेना.

कुलूपच नवं होतं. उंबऱ्यावर लोखंडाचा ताजा भुगा.

दिराचं काम म्हणावं, तर तो सकाळपासून कोर्टात तिच्यासमोर बसलेला. तिने त्यालाच बोलावून घेतलं. त्याने कुलूप उलटं करून पाहिलं आणि पाठीवरून बोट फिरवलं.

"वहिनी, हा दादाचा हात आहे."

पाठीवर तीन रेघा होत्या.

मावशीने ते कुलूप फोडलं. मग स्वयंपाकघराला कुलूप लागलं. मग तिच्या कपाटाला. रोज दुपारी रिकाम्या खोलीतून आवाज यायचा...

खर्र... खर्र...

एकदा ती त्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"अहो, मी बायको आहे तुमची. कुणी परकी नाही."

कानस थांबली.

...आणि पुन्हा सुरू झाली.

मावशी ढसाढसा रडली. तिला भीती वाटलीच नव्हती. अपमान सहन होत नव्हता.

मग एक दिवस आवाज बंद झाला. त्यांचा राग गेला बघ, असं तिने मला फोनवर हसत सांगितलं.

दुसऱ्याच दुपारी पुन्हा फोन आला.

"अगं, दार उघडत नाहीये."

मी धावत गेले. बाहेरून कडीसुद्धा लावलेली नव्हती. सुताराने दार फोडलं, तेव्हा दिसलं...

कुलूप आतल्या बाजूला होतं. आणि त्याला किल्लीचं भोकच नव्हतं.

मावशी शांतपणे म्हणाली, "जिवंत असेपर्यंत हक्क. ते त्यांनीही ऐकलं असणार."

नेसत्या साडीनिशी तिने घर सोडलं. हक्क गेला. घर दिराचं झालं, पण त्यानेही अजून तिथे पाऊल ठेवलेलं नाही.

आता मावशी माझ्याकडे असते. दार नुसतं लोटून ठेवायला लावते. कुलूप म्हणून घरात ठेवू देत नाही.

काल दुपारी केर काढताना उंबऱ्यापाशी सुपलीत काहीतरी चमकलं. बारीक. करड्या रंगाचं.

मी मावशीला अजून सांगितलेलं नाही.