अर्ध्या गोळीचं कोडं

"एक तर पूर्ण असायला हवं, नाहीतर शून्य," नोंदोबा म्हणाला. "अर्धं कशामुळे येतंय ते मला सापडत नाही."

नोंदोबा म्हणजे कमळबोडी गावच्या तलावावर तरंगणाऱ्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव. पाण्यावर चालणाऱ्या किड्यासारखे त्याला सहा लांब पाय होते. रोज सकाळी तो तलाव ओलांडून गावात यायचा, मुलांच्या जिभेवर कागदाची एक पट्टी टेकवायचा आणि ती आपल्या पोटातल्या कप्प्यात ठेवून द्यायचा. त्याचं खरं नाव म्हणजे एक लांबलचक क्रमांक होता. नोंदोबा हे नाव मुलांनी ठेवलेलं.

त्या दिवशी त्याने चाळीसच्या चाळीस मुलांना वडाच्या पारावर बसवलं होतं. थुंकीच्या पट्टीवरून अंगात औषध किती आहे ते कळतं. काही मुलांच्या अंगात औषध पूर्ण होतं, काहींच्या अंगात मुळीच नव्हतं. तसंच असायला हवं होतं. पण दहा मुलांच्या अंगात ते बरोबर निम्मं होतं.

"गोळी रोज घेता ना?" नोंदोबाने विचारलं.

"घेतो," सगळी एका सुरात म्हणाली.

कुंदा नान्हेसुद्धा म्हणाली. शब्द खोटा नव्हता, गोळी ती रोज घेतच होती. तरी तिचे कान गरम झाले आणि ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसली. शेजारी तिची मैत्रीण सावनी वलथरे होती. तिने कुंदाच्या दंडाला हळूच चिमटा काढला.

हे सगळं का चाललं होतं ते आधी सांगायला हवं. या तलावांच्या मुलखात एक नवा ताप आला होता. डासांमुळे पसरणारा, सांधे जखडून टाकणारा. लोक त्याला डोहताप म्हणत. मागच्या वर्षी सावनीला तो इतका चढला की तीन दिवस तिने कुणाला ओळखलं नाही. कुंदाची आई तेव्हा त्यांच्या घरी बसून देवाचं नाव घेत होती आणि कुंदा दाराशी उभी राहून सावनीचे तळपाय बघत होती. पांढरेफटक, हलत नसलेले. ते तळपाय तिला अजून आठवत.

यंदा डॉक्टर प्रमिला बोरकर तरंगती प्रयोगशाळा घेऊन आल्या. ताप येऊच नये म्हणून त्यांनी एक नवी गोळी तयार केली होती आणि ती खरंच काम करते का ते पाहायचं होतं. प्रत्येक मुलाला क्रमांक घातलेली एक बाटली मिळाली. पहिल्याच सभेत बाईंनी स्पष्ट सांगितलं, "निम्म्या बाटल्यांत औषध आहे आणि निम्म्यांत प्रतिरूप गोळी (दिसायला, चवीला अगदी औषधासारखी, पण आत औषध नसलेली). कुणाला कोणती हे मलाही माहीत नाही."

घरच्यांनी संमतीचे कागद वाचून घेतले, अंगठे उमटवले, सह्या केल्या. मुलांनीही माना डोलावल्या. पण घरी जाताना कुंदा वाटेतच थांबली.

"तुझी पोकळ निघाली तर?" ती सावनीला म्हणाली.

"तुझी निघाली तर?"

मग कुंदाने जे केलं ते कमळबोडीतल्या कुठल्याही पोराने केलं असतं. या गावात तलावाची मासोळी कुणा एकाची नसते. सगळी जाळी एका टोपलीत रिकामी होतात आणि घरटी सारखा वाटा पडतो. ज्याच्या जाळ्यात काहीच आलं नाही त्यालाही. एखादा मोठा मासा वाट्यात बसत नसला तर तो मधोमध कापतात. कुंदाने पळसाचं पान घेतलं, त्यावर दोघींच्या दोन गोळ्या ठेवल्या आणि अडकित्त्याने दोन्हींचे दोन दोन तुकडे केले. अर्धी तुझी, अर्धी माझी. दोन दिवसांत तिचं पाहून आणखी आठ जोड्यांनी तसंच सुरू केलं. तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता.

आता पारावर बसून तिला तो अभिमान नकोसा झाला होता.

नोंदोबा गेल्यावर सावनी म्हणाली, "गप्प राहायचं. तलावाच्या माउलीची शपथ आहे तुला. कळलं तर आपल्याला काढून टाकतील, मग पुढच्या वर्षी खरं औषध आलं तरी आपल्याला देणार नाहीत. तुझं ठीक आहे, तुला कुठे ताप आला होता."

कुंदाने मान डोलावून शपथ घेतली.

पण नोंदोबाचा तो प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. आठवडाभराने बाईंसाठी ताजे शिंगाडे न्यायचं निमित्त करून ती होडीने प्रयोगशाळेवर गेली. डॉक्टर बोरकर चष्मा कपाळावर चढवून आकड्यांकडे पाहत होत्या.

"बाई, पोकळ गोळ्या देताच काहून? सगळ्यांनाच खरी द्यायची ना."

"बस," बाई म्हणाल्या आणि एक शिंगाडा सोलायला घेतला. "मागच्या वर्षी गावात किती जणांना ताप आला?"

"नव्वद."

"त्याच्या आधीच्या वर्षी?"

कुंदाने आठवून पाहिलं. "बारा."

"त्या बाराच्या वर्षी मी घरोघरी गुळाचे खडे वाटले असते, तर लोक काय म्हणाले असते?"

"गुळाने ताप गेला म्हणाले असते."

"आणि माझा फोटो लावून हार घातला असता," बाई हसल्या. "पण तेव्हा पाऊस कमी होता, डास कमी होते. ताप आपला आपणच कमी झाला होता. मग गुळाने गेला की आपोआप गेला, हे ओळखायचं कसं?"

कुंदाने विचार केला. "निम्म्यांना गूळ द्यायचा. निम्म्यांना नाही."

"झालं. हीच तुलना. त्या दुसऱ्या निम्म्यांना तुलना-गट म्हणतात (ज्यांच्याशी ताडून पाहायचं ते). आता पुढचं. आपल्याला गूळ मिळाला हे ज्याला कळेल, त्याला नुसत्या विश्वासानेच बरं वाटायला लागतं. ज्याला मिळाला नाही तो उगाच कुरकुरतो. आणि मला कळलं, तर मीही औषधवाल्या मुलाला जरा प्रेमानेच तपासेन. म्हणून तुझेही डोळे बांधायचे आणि माझेही. आंधळ्या कोशिंबिरीत एकावरच राज्य असतं, इथे दोघांवर. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात (घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही). कोणत्या बाटलीत काय, याची यादी शहरातल्या समितीकडे लखोट्यात बंद आहे. नोंदोबाचे आकडेही माझ्याकडे नावांशिवाय येतात."

"म्हणजे ज्यांना पोकळ मिळाली त्यांचा बळी?"

बाईंनी शिंगाडा खाली ठेवला. "नाही गं. म्हणून तर मच्छरदाण्या सगळ्यांना दिल्या, ताप आला तर उपचार सगळ्यांना. पण प्रश्न तू खरा विचारलास. आम्हालाही तो रोज टोचतो. गोळीचा उपयोग आहे की अपाय, हेच आज ठाऊक नाही. ठाऊक नसलेली वस्तू हजारो मुलांना द्यायची, त्यापेक्षा चाळीसांत जपून पाहावं, एवढाच मार्ग आम्हाला सापडलाय."

कुंदाने हळूच विचारलं, "आणि ते अर्धं येतंय, त्याचं काय?"

"समितीने विचार केला. एकही मूल गोळी चुकवत नाही, मग निम्मं औषध जातं कुठे? त्यांना वाटतं, काही मुलांची शरीरं ते लवकर बाहेर टाकतात. म्हणून सोमवारपासून पलीकडच्या तीन गावांतली चाचणी दुप्पट ताकदीच्या गोळीनेच सुरू होतेय."

"दुप्पट घेतली तर काय होतं?"

"शरीर खरंच निम्मं टाकत असेल तर काही नाही. टाकत नसेल तर यकृताला (पोटात उजवीकडे, औषध पचवणारा अवयव) झेपणार नाही. लहान मुलाला तर मुळीच नाही. पण आकडे तसं सांगतायत, बाळा. आम्ही आकड्यांवरच चालतो."

कुंदा होडी परत वल्हवत निघाली. तिच्या अडकित्त्याने कापलेली गोळी, आणि तिच्यापायी आजारी पडणार होती कुठल्यातरी गावातली पोरं, ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती.

घरी आई निवडणं घेऊन बसली होती. चातुर्मासात आईचा नेम असे: तुळशीला पाणी घालून एकशे आठ नामं घेतल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

"आई, तुझा नेम कधी मोडला?"

"मोडला की. तू झालीस त्या वर्षी. चहा पिऊन बसले आणि मग आठवलं."

"मग?"

"मग काय. देवळात बायकांना सांगितलं आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केला. त्या हसल्या थोड्या." आईने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "नेम मोडण्याची लाज नसते गं. मोडून पाळल्याचं सांगितलं, तर ती लाज धुऊन जात नाही."

आईला काही ठाऊक नव्हतं. ती पुन्हा निवडायला लागली. कुंदाला मात्र तिच्याकडे पाहवेना.

शनिवारी सकाळी ती पुन्हा प्रयोगशाळेवर गेली. काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं, पण बाईंसमोर उभी राहिल्यावर शब्दच फुटेना. शेवटी तिने बाटलीतली एक गोळी काढून टेबलावर ठेवली, ओच्यातून अडकित्ता काढला आणि गोळीचे दोन तुकडे केले. एक तुकडा आपल्याकडे ओढला. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला.

बाईंनी दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना जोडून पाहिले.

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बाकीची मुलं?"

"मीच शिकवलं त्यांना." एवढं बोलताना तिची मान इतकी खाली गेली की हनुवटी छातीला टेकली.

बाई रागावल्या नाहीत. उठून त्यांनी समितीला फोन लावला, दुप्पट गोळी ताबडतोब थांबवायला सांगितली आणि कारणही सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुंदाला वाटलं. फोन ठेवून त्या समोर येऊन बसल्या.

"गोळ्या पोचल्या होत्या तिथे, वाटायच्या बाकी होत्या," त्या म्हणाल्या. "कुंदा, मान वर कर. लाज मलाही वाटतेय. दोन महिने मी या तलावावर राहते, रोज सकाळी मासोळीचे वाटे पडताना पाहते. फोटो काढले मी त्यांचे. पण ही मुलं गोळीचंही तसंच करतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही गोळी घेता का, एवढंच मी विचारत राहिले. औषध शोधण्यात आमचं निम्मं आयुष्य जातं आणि ते माणसांच्या घरात गेल्यावर त्याचं काय होतं, तिथे आमचं घोडं पेंड खातं."

संध्याकाळच्या आत गावभर झालं. वाटून खाणाऱ्या अठराही मुलांचे आकडे, ज्यांचं निम्मं आलं नव्हतं त्यांचेही, बाजूला काढले गेले. उरलेल्या बावीस मुलांवरून ठाम काही सांगता येईना. सगळी मेहनत पाण्यात. कुणी कुंदाला टाकून बोललं नाही, पण विहिरीवर ती गेली की बोलणं थांबायचं. सावनीने तर तिच्याकडे पाहणंच सोडलं.

"शपथ मोडलीस," एवढंच ती एकदा म्हणाली.

चार दिवसांनी बाईंनी गावाला सभेला बोलावलं. चाचणी नव्याने कशी करायची? कुणी म्हणालं, मुलांकडून वचन घ्या. कुणी म्हणालं, नोंदोबासमोरच गोळी गिळायला लावा.

"मी प्रत्येक घरी दोन तास थांबू शकतो," नोंदोबा म्हणाला. "फक्त दिवस ऐंशी तासांचा लागेल."

लोक हसले. सगळ्यात मागे बसलेली कुंदा उभी राहिली. ती म्हणाली, "आम्ही वाटणार ते वाटणारच. आईसमोर नाही म्हणू आणि पाठीमागे वाटू. मग अख्ख्या गावालाच एकाच जातीची गोळी द्या ना. एका गावाला खरी, दुसऱ्या गावाला पोकळ. इथल्या इथे कितीही वाटली तरी सारखीच राहील."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "याला गावनिहाय चाचणी म्हणतात (एकेका माणसाऐवजी अख्ख्या वस्तीला एक गट धरायचा). पण मग दोन गावं पुरायची नाहीत. एका गावात डास जास्त, एका गावात कमी. दहा-वीस गावं लागतील, तेव्हा कुठे फरक समतोल होईल. खर्ची पडेल वर्ष-दीड वर्ष." त्यांनी वहीत आकडा लिहिला. "पण उत्तर खरं निघेल. चोवीस गावं घेऊ. चिठ्ठ्या टाकून ठरवू. आणि खरी ठरली, तर पोकळवाल्या गावांना आधी देऊ."

सभा पांगल्यावर एक काम उरलं होतं. जुन्या चाचणीच्या वहीत अठरा मुलांचे आकडे तसेच राहणार होते. खोडायचा अधिकार कुणालाच नव्हता. फक्त ते का धरायचे नाहीत, याचा एक कागद सोबत जोडायचा होता. पुढे जगात कुठेही कुणी ही वही उघडली, तर त्याची फसगत होऊ नये म्हणून.

"मी लिहिते," कुंदा म्हणाली.

प्रयोगशाळेच्या फळीवर मांडी घालून तिने लिहिलं: आम्ही गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून खाल्ल्या. ही युक्ती माझी होती. विचारल्यावर आम्ही खरं सांगितलं नाही. खाली नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं. आपलं नाव असं कायमचं कुठेतरी राहणार, या विचाराने तिचे डोळे भरून आले, पण तिने पुसलं काहीच नाही, ना नाव, ना डोळे.

एवढ्यात फळी हलली. सावनी होडीतून उतरत होती. ती शेजारी येऊन बसली, कागद पूर्ण वाचला आणि पेन मागितलं.

"गप्प राहायची शपथ मी घातली होती," ती म्हणाली. "ते कुठे लिहिलंयस?"

"ते लिहायची गरज नव्हती."

"सरक तिकडे."

नोंदोबा वाकून पाहत होता. "शपथेसाठी माझ्याकडे रकाना नाही," तो म्हणाला.

"मग आख," सावनी म्हणाली आणि कुंदाच्या नावाखाली, ठसठशीत अक्षरांत, आपलं नाव लिहू लागली.