कुलदीपच्या खोलीतला समुद्र

"अरे, हळू! हे पाणी सांडलं तर पुन्हा रत्नागिरीला जावं लागेल!" वीणा ओरडली.

"तो चले जाएँगे, दीदी! यहाँ तो रोज़ बंद है," म्हणत तिच्या धाकट्या भावाने, जयंतने वीस लिटरचा डबा आणखीच तिरका केला. दहा वर्षांच्या जयंतला मराठी सगळी कळायची, पण तोंडातून बाहेर पडायची ती हिंदीच.

शेजारच्या गल्लीतल्या स्मिताने काचेच्या टाकीत एक बशी धरली होती. पाणी बशीवर पडून अलगद पसरत होतं, तळाची शिंपल्यांची वाळू उसळू नये म्हणून.

आणि पाणी खरोखरच समुद्राचं होतं! वीणाचा विनायकमामा रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. दसऱ्याच्या सुट्टीत चंदीगडला येताना त्याने तीन डबे समुद्राचं पाणी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, भोकाभोकांचा एक खडक आणला होता. ते दिवस असे, की बसमध्ये बेवारस पिशवी दिसली तरी बॉम्बच्या भीतीने सगळी माणसं खाली उतरायची. दिल्ली स्टेशनवर पोलिसांनी ते डबे तीनदा उघडायला लावले. एका हवालदाराने बोट बुडवून चाखलं आणि थू थू करत तो म्हणाला, "समुंदर ही है जी, जाने दो!"

आईने मात्र साफ सांगितलं, "त्या खडकाला बंदराचा वास येतोय. माझ्या घरात नको!"

वीणाचं घर सेक्टर बावीसमध्ये, वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालकीण बीजी राहायच्या. मुलांची पडलेली तोंडं पाहून बीजींनी ओढणीच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली आणि मागची खोली उघडून दिली. ती खोली त्यांच्या कुलदीपची होती.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीला कुलदीप नोकरीच्या मुलाखतीसाठी दिल्लीच्या गाडीत बसला. पंतप्रधानांच्या हत्येनंतर त्या आठवड्यात दिल्लीत शिखांचं काय झालं, ते लहान मुलांनाही माहीत होतं. कुलदीप परत आला नाही. त्याची काही खबरही आली नाही. खोलीत पलंगावरची चादर ताणून घातलेली होती. खुंटीवर निळी पगडी होती. टेबलावर रिकामी काचेची टाकी होती.

"गोल्डफिश रखता था," बीजी म्हणाल्या. "भर दो इसमें पानी, पुत्तर."

निघताना मामाने बजावलं, "महिनाभर एकही मासा सोडायचा नाही! आधी खडक रुळू दे, पाणी मुरू दे. टाकीवर रेघ मारली आहे. पाणी आटलं की उकळून गार केलेलं गोडं पाणी घालून रेघेपर्यंत आणायचं. आटतं ते पाणी, मीठ नव्हे! खारं घालाल तर सगळं मरेल."

मग रोज संध्याकाळी तिघं बीजींकडून किल्ली घ्यायची, रेघ बघायची, पेलाभर पाणी घालायची आणि काचेला नाक लावून बसायची. हवेच्या पंपाचे बुडबुडे तेवढे वर जायचे.

"पत्थर का चिड़ियाघर!" जयंत म्हणायचा.

चौथ्या दिवशी शहरात पुन्हा बंद होता. दुपारी रस्त्यावर सायकलची घंटीसुद्धा वाजत नव्हती. मागच्या अंगणात बीजी मेथी निवडत होत्या, वीणा त्यांना मदत करत होती. तेवढ्यात बंद खोलीतून आवाज आला.

टक्!

बीजींचा हात थांबला. वीणाने मान वर केली. पुन्हा, टक्!

"आ गया, पुत्त?" बीजी अगदी हळू म्हणाल्या. मग वीणाकडे न बघता पुटपुटल्या, "ऐसे ही उँगलियाँ चटकाता था. पढ़ते-पढ़ते."

वीणा सरकून बीजींना अगदी चिकटून बसली.

त्या संध्याकाळपासून बीजी त्या खोलीच्या दाराशी ताट ठेवू लागल्या. दोन पोळ्या, डाळ, वर लोण्याचा गोळा. मुलांनी दार उघडलं की आत सगळं चिडीचूप. दार लावून चार पावलं गेलं की मागून टक्! जयंत आता एकटा जिनासुद्धा उतरेना.

तो आवाज आणखी एकाच्या कानावर गेला होता. राजाभाऊ काका बाबांच्याच ऑफिसात होते आणि खालच्या पुढच्या खोल्यांत राहायचे. त्यांची आणि कुलदीपच्या खोलीची भिंत एकच होती. सातव्या दिवशी, दुपारी अडीच वाजता ते घाम पुसत वर आले. बाबा दौऱ्यावर होते.

"वहिनी, तो परत आलाय!" ते कुजबुजले.

"कोण?"

"कुलदीप! अतिरेक्यांना सामील होऊन आत लपलाय. पिस्तुलाचा घोडा ओढून बघतो. मी भिंतीला कान लावून ऐकलंय! आणि म्हातारी रोज ताट कुणासाठी ठेवते? भुतासाठी?"

"अहो, पोरं रोज जातात तिथे!"

"तेव्हा तो कपाटात शिरत असेल. मी चार वाजता चौकीवर वर्दी देणार."

"बीजींना घेऊन जातील हो ते!"

"मग मी काय करू? परक्या मुलखात बदलीवर आलेली माणसं आपण. उद्या आपल्याच दारात गोळी सुटली म्हणजे?"

दाराआड तिघं उभी होती.

स्मिता म्हणाली, "पोलीस विचारतील, मुलगा कुठे आहे? बीजी काय सांगणार? त्यांना तरी कुठे माहीत आहे?"

"दीड तास आहे," वीणा म्हणाली. "चला!"

बीजींनी काही न विचारता किल्ली दिली. जयंतने बॅट उगारली, स्मिताने डोळे मिटून कपाटाचं दार ओढलं. आत चार स्वेटर आणि डांबराच्या गोळ्यांचा वास! पलंगाखाली एक ट्रंक, तिच्यावर धूळ. त्या धुळीवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

"कोई नहीं है," जयंत म्हणाला. "मतलब… भूत ही है."

वीणा टाकीपाशी वाकली होती. "काल इथली वाळू सपाट होती ना?"

खडकाच्या एका भोकापुढे वाळूचा छोटा ढीग होता. शेजारी मसुरीच्या दाण्याएवढ्या खेकड्याचं रिकामं कवच पडलं होतं.

"पर अंदर तो हमने कुछ डाला ही नहीं!"

"आपण नाही घातलं. पण खडकाच्या पोटात बसून कोण आलं, ते आपण कुठे पाहिलं?"

स्मिताने चुटकी वाजवली. "आणि आपण आलो की ते गप्प होतं! आपण चपला फटफटवत येतो, जमीन हलते, टेबल हलतं!"

तिघांनी चपला बाहेर काढल्या. स्मिताने उकडलेल्या अंड्याचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला. मग तिघं जमिनीवर बसली. खुंटीवरची पगडी जणू त्यांच्याकडे बघत होती. तीन वाजले. सव्वातीन झाले. जयंतच्या नाकावर माशी बसली, तरी पठ्ठ्या हलला नाही!

भोकातून आधी दोन लांब मिशा आल्या. मग एक पंजा, अंगाच्या मानाने भलताच मोठा. अंड्याच्या वासाने एक चिमुकला खेकडा वाळूवरून तुरुतुरु येत होता. तो पंज्यासमोर आला मात्र,

टक्!

खेकडा उताणा! पंज्याने त्याला ओढून आत नेलं.

"कोळंबी!" वीणा ओठांतल्या ओठांत किंचाळली.

तिघं बाहेर धावली. पावणेचारलाच राजाभाऊ काका बूट घालून, छत्री घेऊन फाटकापाशी पोहोचले होते. कोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांमागे शिपाई दिसत होता. कोळंबीची गोष्ट काका ऐकून घेणार नाहीत, हे वीणाला पक्कं ठाऊक होतं.

"काका! पिस्तूलवाला सापडला!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आम्ही त्याला कोंडलाय. आधी तुम्ही ओळखा, मग वर्दी द्या. चुकीची वर्दी दिली तर तुमच्यावरच शेकेल!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. पण पोरींसमोर मागे कसं फिरायचं? ते छत्री उगारून आले.

"बूट काढा."

"का?"

"त्याला पावलं कळतात."

काका मोजे घालून चवड्यांवर आत आले आणि भिंतीला टेकून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. स्मिताने दोरा जरासा हलवला.

टक्!

"अगं आई गं!" काका उडाले ते थेट जयंतच्या मांडीवर पडले!

"अंकल, पिस्तौल वहाँ है," जयंतने टाकीकडे बोट दाखवलं.

काकांनी चष्मा पुसला. काचेला नाक लावलं.

दारात बांगडी वाजली. बीजी ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"ये था?" त्यांनी विचारलं.

वीणाला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिने मान हलवली. "हाँ, बीजी. झींगा है. समुद्र से आया."

बीजी हळूहळू खाली बसल्या, टाकीला हात लावून. "मैनूं पता सी, पुत्त," त्या म्हणाल्या. "पर तीन साल से इस कमरे में कोई आवाज़ नहीं थी."

राजाभाऊ काका खाली मान घालून म्हणाले, "बीजी, मैं चौकी जा रहा था. आपके ख़िलाफ़…"

बीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. पंपाचे बुडबुडे वर जात राहिले. मग त्यांनी ते ताट काकांच्या पुढे सरकवलं.

"रोटी ठंडी हो रही है. खा लो."

काका जेवले. ताटात त्यांनी काही टाकलं नाही. मग हात धुऊन ते वीणाला म्हणाले, "पोरींनो, आणि तूही रे! मी भिंतीला कान लावला. दार उघडून बघायची अक्कल तुम्हाला सुचली. शाबास!"

मामाचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, 'इंग्रजीत तिचं नावच पिस्तूल कोळंबी आहे.' काका लगेच म्हणाले, "बघा! म्हणजे पिस्तूल होतंच की!"

महिना सरल्यावर टाकीत पहिला मासा कोणता सोडायचा, यावर तिघांची रोज भांडणं होत होती. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी मुलं पाणी घालायला गेली, तेव्हा किल्ली मागावी लागली नाही. खोलीचं दार सताड उघडं होतं. बीजी कुलदीपच्या पलंगावर स्वेटर विणत बसल्या होत्या, अनवाणी.

टक्!

"हाँ, पुत्त," बीजी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा टाका घातला.