स्कार्फखालची हळद

माझ्या स्कार्फचं टोक त्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकलं आणि नेमकं तेव्हाच मळवलीचं रेल्वे फाटक उघडलं.

मागचे सगळे हॉर्न बडवायला लागले. त्यानं मोटरसायकल पुढं घेतली, तसा माझ्या तोंडावरचा स्कार्फ सर्रकन सुटायला लागला... मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ओरडले, "ओ! थांबा की!"

तो थांबला. मागं वळून चेनशी झटापट करू लागला.

"स्कार्फ काढा की जरा. फाटंल न्हाईतर."

"फाटू दे!"

"लय महागाचा दिसतोय, म्हणून म्हणलं."

"तुमी टोक सोडवा. माझ्याकडं बघू नका."

"डोळेच तेवढे उघडे हायेत," तो म्हणाला. "मग बघायचं कुटं?"

मला हसू आलं. हसले, आणि गालाची कातडी चर्रकन ओढली गेली. लगेच आठवलं, आपल्याला हसणं परवडत नाही.

आमच्याकडं स्कुटीवरची प्रत्येक मुलगी तोंड बांधूनच फिरते. कुणी धुळीसाठी, कुणी उन्हासाठी, कुणी ओळखीच्या काका-मामांसाठी. माझं कारण वेगळं होतं. दिवाळी सरली आणि गारठा पडला की माझं तोंड सोलायला लागतं. नाकाच्या कडेला, भुवयांत, हनुवटीवर पांढरे पापुद्रे. डॉक्टर म्हणाले होते, कोरडी कातडी आहे, घाबरण्यासारखं काही नाही, मलम लावत जा. मलम लावलं की बरं वाटतं, बरं वाटलं की मी मलम विसरते, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

त्यात माझं काम फाटकापलीकडच्या गुलाबांच्या पॅकिंग शेडमध्ये. दिवसभर गारव्यात उभं राहून मऊ मऊ पाकळ्या हाताळायच्या, आणि स्वतःचा गाल मात्र पापडासारखा. वर नाव रूपा! शेजारच्या भागुबाई मावशी म्हणायच्या, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." मी हसण्यावारी न्यायचे. पण गेल्या हिवाळ्यात मला बघायला आलेल्या एका बाईनं माझ्यासमोरच आईला विचारलं होतं, "हे लागट न्हाई ना?" पोहे खाऊन गेले. निरोप आलाच नाही. तेव्हापासून मी जेवताना सोडून स्कार्फ काढायचंच विसरले.

त्याचं नाव सत्यम. जवळच्याच पाटण गावचा. कुसगावच्या हॉटेलांमधले गिझर दुरुस्त करायला रोज सकाळी त्याच फाटकावरून जायचा. मी भाजे गावाहून यायचे. फाटक बंद असलं की लोक कपाळाला हात लावायचे, आणि मी मात्र मनातल्या मनात गेटमन काकांना आशीर्वाद द्यायचे.

"थंडी वाढली की माझा धंदा वाढतो," तो एकदा म्हणाला. "सगळ्यांना कडकडीत पाणी पायजे."

'आणि माझं तोंड सोलतं,' मी मनात म्हटलं. वर म्हणाले, "तुमचं बरंय."

"तुमाला थंडी आवडत न्हाई?"

"फाटकावर आवडते."

बोलून गेले खरी... मग स्कार्फच्या आत कान गरम झाले. त्या दिवशी फाटक उघडल्यावर तो किती तरी वेळ गाडीला किकच मारेना.

आणि एका शुक्रवारी ज्याची भीती होती ते झालंच.

"रविवारी चहा घ्यायचा का? पलीकडच्या टपरीवर?"

"स्कार्फ बांधून चहा पिता येत न्हाई," मी म्हणाले.

"म्हणूनच तर चहा म्हणलं."

हो म्हणाले. का म्हणाले, देव जाणे! घरी येऊन आरसा बघितला. त्याला आवडले होते ते दोन डोळे. त्यांच्याखाली काय आहे ते बघून तोही विचारेल, हे लागट नाही ना? एकदा ऐकलं ते पुरे होतं. त्याच्या तोंडून ऐकलं असतं तर मी कोलमडलेच असते.

बेसन-लिंबू लावलं, तर आग आग झाली. कोरफड लावली, तर वाळल्यावर गाल आणखीच ताणला. शेवटी शनिवारी भागुबाई मावशींनी इलाज सांगितला. "साईत चिमूटभर हळद घाल, वर खोबरेल तेल. उद्यापत्तुर लोण्यावानी व्हईल बघ."

चिमूटभरानं काय होणार? मी चांगली मूठभर घातली. हळद परसातली, आईनं नुकतीच गिरणीतून दळून आणलेली, वास सुटावा अशी ताजी. ती थापून मी अंगणात उन्हाला बसले आणि तिथंच डोळा लागला.

उठून तोंड धुतलं. पिवळी धमक! कपाळापासून गळ्यापर्यंत, आणि हात मनगटापर्यंत. दूध लावलं, पीठ लावलं, कडकडीत पाण्यानं खसाखसा घासलं. पिवळं तसंच राहिलं, उलट पापुद्रे दुप्पट झाले. आगीवर उतारा म्हणून पुन्हा तेल चोपडलं, तर ते तेलसुद्धा पिवळं.

आई दारात उभी राहून बघत होती. "आता मांडवच घालायचा राह्यला!"

मला रडूच कोसळलं.

रविवारी जाऊ नये असं हजारदा वाटलं. तरी तोंडाला-हातांना पुन्हा तेल चोळून गेले. स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला होता. तो फाटकाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून हसला... आणि त्याची नजर हँडलवरच्या माझ्या हातांवर गेली. हसू तिथंच विझलं.

"हळद लागली तुमाला?" तो हळूच म्हणाला. "लगीन ठरलं... सांगायचं तरी."

एका वाक्याचं काम होतं. लग्न नाही, तोंड सोललंय. पण ते म्हणायचं तर स्कार्फ काढून दाखवावा लागला असता. मी पिवळे हात बाह्यांत ओढून घेतले.

फाटक उघडलं. "सुखात ऱ्हावा," तो म्हणाला आणि गेला.

मी स्टार्टर दाबला. गाडी गारठलेली, घरघरून बंद पडायची. दाबला, पुन्हा दाबला. घंटा वाजली आणि माझ्या समोर फाटक खाली आलं. पलीकडं लोहगडाला निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यात त्याची मोटरसायकल अडकली होती. रांग हलली की तो जाणार होता. कायमचा.

मी स्कुटी टाकून फाटकाच्या दांड्याशी धावले. स्कार्फ ओढून काढला. थंड वारा गालाला झोंबला.

"सत्यम! लगीन न्हाई माझं! तोंड सोललंय! म्हणून हळद लावली... लय झाली!"

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. एका गाडीतल्या बाईनं मोबाईल वर धरला. मागं आमच्या गावचा दूधवाला बजरंग हसत होता, म्हणजे दुपारपर्यंत भाज्यात डंका. सत्यमनं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते दिसायच्या आत धडधडत मालगाडी मध्ये आली.

ती संपेचना. डबे, डबे, डबे. वाटलं, त्यानं नीट बघितलं असेल... शिसारी आली असेल... स्कार्फ पुन्हा बांधावा का? हात वर गेला, पण मी तो खाली घेतला.

मालगाडी संपली. त्याच्या मोटरसायकलची जागा रिकामी होती.

एवढ्यात टपरीकडून कुणीतरी रूळ ओलांडून येताना दिसलं. दोन्ही हातांत चहाचे ग्लास, हिंदकळू नयेत म्हणून नजर खाली.

"घ्या. निवंल," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. जवळून, नीट. पापुद्रे, लाली, पिवळेपण, सगळं. मी तोंड फिरवलं नाही.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

एवढंच. दुसरं काहीच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसलं की ओढतं."

"आन् मी रोज हसवत बसलो. सांगायचं की." मग जरा थांबून, "कडकडीत पाण्यानं धुता व्हय?"

"व्हय."

"बंद करा. कोमट घ्या. मलम लावा रोज."

"गिझरवाला असं सांगतो?"

"बुडू दे धंदा."

मी चहाचा घोट घेतला. "आणि काय हो, हळद लागलेली नवरी एकटीच स्कुटीवर हिंडते व्हय?"

"येवढं डोकं कुटं चाललं? हात दिसले तुमचे, आन्... संपलंच की सगळं."

आता लाजायची पाळी त्याची होती. त्यानं स्वतःचा ग्लास खाली ठेवला आणि माझा उष्टा ग्लास हळूच काढून घेतला. माझ्या तेलकट बोटांची हळद काचेवर उमटली होती. त्यानं अंगठा त्यावरून फिरवला. अंगठा पिवळा झाला.

आमच्याकडं आधी नवऱ्याला हळद लागते, मग त्याची उष्टी हळद नवरीकडं जाते. आमचं सगळं उलटंच.

"ही धुवायची," त्यानं अंगठा वर धरला, "का... ऱ्हाऊ द्यायची?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "आणि धुतलीस तर गरम पाण्यानं धुऊ नकोस."

मी हसले. गाल ओढला. ओढू दे.