पट्टी सरकेपर्यंत

ऐरोलीच्या आयटी पार्कसमोर, रखमामावशींच्या चहाच्या टपरीवर अभिराम लॅपटॉपवर चरफडत होता. लग्नाचे फोटो काढणारा माणूस. डोळे मिटलेल्या नवऱ्या, तोंडात जिलेबी असलेले काका, असले टाकाऊ फोटो डिलीट करायला बसला होता आणि स्क्रीनवरची पट्टी जागची हलत नव्हती.

"हे सॉफ्टवेअर ज्याने बनवलंय ना, त्याला इथे आणून बसवा कोणीतरी!"

शेजारच्या बाकड्यावरून आवाज आला, "बसलेय ना... मीच बनवलंय."

अभिरामचे कान लालेलाल झाले. बाकड्यावरच्या संघप्रियाला हसू आवरेना. त्या कानांवरच तिचा जीव जडला, पण हे तिने स्वतःलाही लगेच कबूल केलं नाही.

सॉफ्टवेअरचं दुखणं मात्र तिला झटकन सापडलं. एक फोटो उडाला की ते दर वेळी उरलेले सगळे फोटो नव्याने मांडून दाखवायचं. एक भांडं घासलं की अख्खा ओटा पुसायचा, तसं. सगळं उडवून झाल्यावर एकदाच मांडलं की काम फत्ते! दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी तयार होती... पण पट्टी पळायला लागली, तर हा येईल कशाला?

"अजून टेस्टिंग चालूय," ती सांगायची. "उद्या परत बघूया?"

आणि तो कामोठ्याहून रोज बाईक हाणत यायचा. पट्टी रांगायची, चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या.

शेवटी टीमलीड उज्वला मॅडमनी डोळे वटारले. "उद्या रिलीज आहे, संघप्रिया. पुरे आता!"

त्या संध्याकाळी तिने जड मनाने नवं सॉफ्टवेअर त्याच्या लॅपटॉपवर टाकलं. त्याने बटण दाबलं. फोल्डर रिकामं.

"झालं?"

"झालं."

"अजून चहा पण नाही आला..." अभिरामचा चेहरा पडला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती पिवळ्या शालूतली, डोळे मिटलेली नवरी... तिला आपण कालही उडवलं होतं. परवाही."

कान पुन्हा लाल! "घरी जाऊन परत कॉपी करतो. नाहीतर... तुमच्याकडे काय घेऊन येऊ?"

संघप्रियाने लॅपटॉप मिटला. "चिडू नका हं... दुरुस्ती केव्हाच झाली होती. मीच दाबून ठेवली."

मग दोघंही अशी हसत सुटली की रखमामावशींनी न विचारता दोन स्पेशल आणून ठेवले.

"मग उद्या काय उडवायचं?" त्याने हळूच विचारलं.

"उद्या लॅपटॉप नको आणूस," ती म्हणाली. "नुसता तू ये."

आणि या वेळी कान तिचे लाल झाले.