अमिषाचं रात्रीचं दूध

सुनेला शेवटच्या बोटीवर बसवून द्यायला मी दिघीच्या जेट्टीवर गेलो, तेव्हा ऊन अजून होतं. नात माझ्या कडेवर होती. बोटीचा भोंगा ऐकून ती हसत होती.

सून विनिता नर्स आहे. एक तारखेपासून तिला रात्रपाळीवर हजर व्हायचं होतं, नाहीतर हातची नोकरी गेली असती. अमिषा तेरा महिन्यांची. दिवसा पेज, मऊ भात, मासा सगळं खायची, पण रात्री चार वेळा उठून अंगावर प्यायची. आई जवळ असली की पोराला तिचा वास लागतो, मग ते ऐकत नाही. म्हणून मी ठरवलं. पाच रात्री विनितानं खाडीपलीकडे आगरदांड्याला, तिच्या थोरल्या बहिणीकडे, भावनाकडे झोपायचं. सकाळी पहिल्या बोटीनं परत यायचं, दिवसा पाजायचं. रात्र माझी. मुलगा विवेक जहाजावर असतो. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. दुसरं कोण करणार?

बोटीवरचा सदा दोर सोडता सोडता म्हणाला, "महिपतदादा, म्हातारपणी आया झालात व्हय?"

"बत्तीस वर्षं या जेट्टीवर बोटी बांधल्या. एक पोर आवरता येनार न्हाय मला?"

"तसं न्हाय. पन मधी पानी कशाला घालता? पोर झोपंत आयला शोधतंय. पानी आडवं आलं की वाट चुकतंय."

"छप्पन साली दीक्षा घेऊन माझ्या बापानं घरातले देव याच खाडीत सोडले. भुतंपन त्यांच्यासंगं गेली. दोर सोड तू."

विनितानं एकदाच मागे पाहिलं.

पहिली रात्र वाईट गेली. अमिषा दोन वाजता उठली ती पहाटेपर्यंत रडली. वाटीनं पाणी पाजलं, खांद्यावर घेऊन अंगणात फिरलो, थोपटलं. दूध दिलं नाही. सकाळी विनिता उतरली तेव्हा तिच्या छातीचा दगड झाला होता, अंगात कणकण होती.

"आबा, सोडून देऊ या का?"

"चार ऱ्हायल्या," मी म्हणालो.

दुसऱ्या रात्री अर्धा तास रडली. तिसऱ्या रात्री उठलीच नाही. मला माझा अभिमान वाटला.

त्या सकाळी विनिता बोटीतून उतरली, पण हसली नाही.

"कनकन गेली?"

"गेली." तिनं पदर आवळला. "आबा, छाती रिकामी आहे."

"आटलं असंल. बरं झालं."

"असं एका रात्रीत आटत नाही. मला शिकवू नका." मग आवाज खाली आणून म्हणाली, "झोपेत मी तिला पाजत होते असं वाटलं. कुशीत चांगली जड लागली."

सवय, मी म्हटलं. पण त्या दिवशी अमिषानं आईच्या अंगाला तोंड लावलं नाही. पोट भरलेल्या पोरासारखी तोंड फिरवून खेळत राहिली.

चौथ्या रात्री मी झोपलो नाही. दिवा चालू ठेवला आणि झोळीशेजारी बसलो. भरती होती. खाडीचं पाणी जेट्टीच्या खांबांवर थपथप वाजत होतं. खारट चिखलाचा वास घरात भरला होता. दोन वाजले आणि पाणी वाजायचं थांबलं. मग झोळीतून आवाज आला. चुक… चुक…

वाकून पाहिलं. अमिषा गाढ झोपेत होती. ओठ हलत होते. गळा घोट घेत होता. तोंडात काही नव्हतं.

मी तिला उचललं. जन्मभर ओझी उचलली आहेत, वजन मला कळतं. पोर उचललं असं वाटलंच नाही. नुसते तिचे कपडे उचलावेत इतकं हलकं लागलं. पावलं गार होती. ओली होती.

मी फोन लावला. विनितानं लगेच उचलला.

"आबा… हळू बोला," ती कुजबुजली. "आत्ताच लागलीय प्यायला."

"विनिता, अमिषा माझ्या हातात हाय."

पलीकडून फक्त तो आवाज. चुक… चुक… आणि त्याच तालावर माझ्या हातातला गळा हलत होता.

"आबा… मग ही कोण?"

मी घाबरलो. खोटं सांगत नाही. पण एकदा ठरवलेलं मी सोडत नाही.

"दिवा लावू नको. बघू नको. पदर घे नि पाठ फिरव."

"रडेल ती…"

"रडू दे. इकडं रडली तवा मी दिलं का?"

पलीकडे खाट करकरली. मग फोनमध्ये रडणं सुरू झालं. आवाज अमिषाचाच. माझ्या हातात अमिषाचं तोंड मिटलेलं होतं.

मी फोन ठेवला, तरी ते ऐकू येत होतं. पाण्यावरून, आगरदांड्याच्या बाजूनं. पलीकडे विनितानं काय सोसलं ते तिलाच ठाऊक, पण तिनं पाठ फिरवली ती फिरवलीच. मी अंगणात उभा राहून पोराला थोपटत राहिलो. पहाटे पहिल्या बोटीचं इंजिन सुरू झालं आणि रडणं थांबलं. माझ्या हातातलं पोर पुन्हा जड झालं.

पाचवी रात्र शांत गेली. एक तारखेला विनिता कामावर हजर झाली. रात्रीचं दूध सुटलं. अमिषा आता सकाळपर्यंत झोपते. शेजारणी विचारतात, कसं जमवलंत? मी सांगतो, नेट लावावा लागतो.

मागच्या बुधवारी तिला लस टोचायला नेलं. सकाळचे अकरा वाजले होते. सुई लागली तशी अमिषानं तोंड पूर्ण उघडलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज आला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्या रात्रीपासून ती एकदाही रडलेली नाही.

"गुणी आहे हो नात," लस देणाऱ्या बाई म्हणाल्या.

खिशातला फोन वाजला. भावना होती.

"आबा, घरात मी एकटीच आहे. मागच्या खोलीत पोर रडतंय… आत्ताच सुरू झालं."

मी फोन कानाला तसाच धरून अमिषाला खांद्यावर घेतलं आणि थोपटायला लागलो. हळूहळू फोनमधलं रडणं कमी होत गेलं.