दवबिंदूला युरिया

सुरंगी गावच्या बसथांब्यावर मी डालड्याचा डबा छातीशी धरून उभी होते. साल एकोणनव्वद. रत्नागिरीहून सिल्वासाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं.

"मॅडम, डब्यात काय शे?"

विचारणारा सायकल धरून उभा. सुकदेव, धुळ्याकडचा, सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. इतक्या सरळ नजरेनं बघत होता की मी डबा पुढे केलाच.

आत तिथल्याच माळावरून काढलेलं, दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोप होतं... रुपयाच्या नाण्याएवढं, तांबूस. पानावरच्या केसाकेसावर चिकट थेंब. एक चिलट मध समजून त्यावर बसलं आणि धडपडेल तितकं जास्तच चिकटलं. आजूबाजूचे केस अलगद त्याच्यावर वाकले. मी सांगितलं, आता पान पाचक रस सोडेल, मऊ भाग विरघळवून शोषून घेईल, चार-पाच दिवसांनी नुसते पंख आणि टरफल उरेल.

"गोड दिसायचं आणि गिळायचं," तो हसला. "पोरं घाबरत असतील तुम्हाला."

मग दर बुधवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, रोपानं काय खाल्लं ते बघायला तो शाळेच्या प्रयोगशाळेत यायला लागला. मी सकाळपासून खिडकीबाहेर बघायची, हे मात्र त्याला कधी कळू दिलं नाही.

गणपतीला मला घरी जायचं होतं. चिपळूणच्या बँकेतल्या स्थळाला उत्तर द्यायचं होतं. परतल्यावर लगेच विज्ञान प्रदर्शन, आणि त्यात हेच रोप. शेतकऱ्याचा पोरगा आहे, सांभाळतो, असं सुकदेव म्हणाला. घरी मी स्थळाचं उत्तर पुढे ढकललं आणि परत आले, तर रोप काळं पडलेलं.

उन्हानं गेलं म्हणाला असता, तरी मी विश्वास ठेवला असता. पण तो म्हणाला, "पिवळं वाटलं... म्हणून चिमूटभर युरिया घातला."

मी फार बोलले. ज्या मातीत काही मिळत नाही तिथलं हे रोप, म्हणून तर किडे खातं, खतानं त्याची मुळं जळतात, एवढंही विचारता आलं नाही का? तो मान खाली घालून, डबा उचलून निघून गेला. पुढचे दोन दिवस मला रोपापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत राहिलं.

प्रदर्शनाच्या सकाळी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तोच डबा. आत नवं रोप, मुळाशी त्याच्याच जागेची माती.

"काही घातलं नाही. पाणीबी पावसाचंच." मग जरा थांबून — "मायेनं दिलं, पण न विचारता दिलं... म्हणून मेलं ते. आता आधी विचारतो. तुम्हाला काय लागतं?"

मी डबा त्याच्या हातून घेतला.

"मला... रोज बुधवार लागतो," मी म्हणाले.

चिपळूणला नकार कळवा, असं घरी पत्र लिहून मी दुपारीच टपालपेटीत टाकलं.

सायलीतला तो कारखाना आता नाही. सुकदेव मात्र अजून चहा ठेवताना रोज विचारतो, साखर किती घालू. इतक्या वर्षांत उत्तर बदललेलं नाही, तरी विचारतो, आणि मी दरवेळी नव्यानं सांगते.