शेवटच्या गाडीच्या पुढे

हे ऐकीव नाही. त्या गाडीत मी स्वतः होतो, मामाच्या शेजारी.

आमच्या भागात पूर्वी पाच दिवसांची सायकल शर्यत व्हायची. बावीस वर्षं चालली. त्यातली सतरा वर्षं मामाने 'शेवटची गाडी' चालवली. सगळ्यात मागच्या स्पर्धकाच्या पाठोपाठ राहायचं. तो थकला तर गाडीत घ्यायचं. पण त्याला ओलांडून पुढे जायचं नाही.

चौथा दिवस. घाटाचा टप्पा. दुपारचे साडेतीन.

समोर सत्तेचाळीस नंबर. पोरगा पार गळाला होता. मामाने दोनदा सांगून पाहिलं, बस गाडीत. त्याने नुसती मान हलवली.

मग धुकं उतरलं...

पुढचं काही दिसेना. ऐकू येत होती फक्त त्याच्या साखळीची करकर. मामा त्या आवाजाच्या अंदाजाने गाडी हाकत होता.

सहाव्या वळणावर करकर थांबली.

क्षणभरच.

पुन्हा सुरू झाली... पण आता अगदी एका लयीत. दमलेल्या माणसाची वाटेना.

आणि मागून, खालून कुठून तरी, हाक आली. बारीक.

मी म्हणालो, "मामा, थांब. कोणीतरी हाक मारतंय."

तेवढ्यात धुकं जरासं विरळ झालं. समोर पाठीवरचा आकडा दिसला...

सत्तेचाळीस.

"तो काय पुढे चाललाय," मामा म्हणाला. "आपल्या मागे कोण असणार?"

त्याने गाडी थांबवली नाही.

माथ्यावर पोचलो. लख्ख ऊन होतं.

समोर रस्ता रिकामा.

पंच धावत आले. वायरलेसवर निरोप आला होता. आमच्या मागून अर्ध्या तासाने आलेल्या ट्रकवाल्याला सत्तेचाळीस नंबर दरीत सापडला होता. सहाव्या वळणाखाली. तेव्हा धुगधुगी होती. हॉस्पिटलपर्यंत टिकला नाही.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर...

त्यानंतर शर्यत झालीच नाही. मामाने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

महिन्याभराने त्या पोराचा थोरला भाऊ घरी आला. भांडायला नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, की शेवटी त्याने हार मानली होती का.

मामा म्हणाला, "नाही. घाट त्याने पूर्ण चढला. मी मागेच होतो."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आम्ही त्याला खोटं सांगितलं की खरं... मला अजून कळलेलं नाही.